मागच्या सीटवरचा पेला

दत्ताराम मांडवकर मेस्त्रींना पाठीमागून कुणी हाक मारली तर ते वळत नसत. गिऱ्हाईक एकदा हाक मारी, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, तिसऱ्यांदा चिडून. मेस्त्री आपले बॉनेटखाली मान घालून उभेच. शेवटी माणूस वळसा घालून समोर येई, तेव्हा ते मान वर करत, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि म्हणत, "बोला." मांडवकर मेस्त्रीला माज आहे, यावर हातखंबा तिठ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण हात असा की माज सोसावा लागतो, यावरही होतं.

मीही बरेच दिवस तसंच समजत होते.

तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका पदविका कॉलेजात मेकॅनिकल विभागात शिकवत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील लांज्याजवळ दुसऱ्यांच्या कलमांची राखण करत. मी पदवीधर झाले, नोकरीला लागले, एवढ्यावर घरातले समाधानी होते. पण नोकरी टिकवायची तर पुढची पदवी हवी होती, म्हणून कोल्हापूरच्या एका कॉलेजात एम.टेक.ला नाव घातलं. प्रबंधाचा विषय असा होता की जुन्या गाड्यांत इंजिनाचा हादरा आणि आवाज बसणाऱ्यापर्यंत कसा पोचतो, आणि तो कमी कसा करता येईल. आठवडाभर शिकवायचं, शनिवारी घाट चढून मार्गदर्शकांना भेटायचं, रविवारी परत यायचं. त्या दोन वर्षांत मी कधी पोटभर झोपल्याचं मला आठवत नाही. मार्गदर्शक म्हणाले, पुस्तकं पुरे झाली, आता गॅरेजात जा. आमच्या कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, आवाजाचं काम असेल तर हातखंब्याचा मांडवकर मेस्त्री, दुसरीकडे जाऊ नका.

गॅरेज म्हणजे जांभ्याच्या दोन भिंती आणि वर पत्रे. रस्ता रुंद व्हायचं काम कित्येक वर्षं चालू होतं आणि त्यापायी गॅरेज दोनदा मागे सरकलं होतं. पुढचं अंगण रस्त्यात गेलं, मागे डोंगराची धार. पाटी लावायला दर्शनी भागच उरला नव्हता, ती आतल्या भिंतीला टेकून ठेवलेली होती. सगळ्यावर तांबडी धूळ. मेस्त्री बारीक अंगाचे, साठीच्या अलीकडचे, कितीही उकाडा असो, पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घातलेला.

माझ्याकडे कॉलेजचं कंपन मोजायचं यंत्र होतं. रुपयाएवढी एक चकती, ती लोहचुंबकाने गाडीला चिकटवायची, तिची वायर हातातल्या डब्याला, आणि डब्यावर आकडा. मी ते मोठ्या अभिमानाने दाखवलं. मेस्त्रींनी चकती उलटसुलट करून पाहिली आणि कुठे लावणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, इंजिनावर.

"इंजिनावर कोण बसतं?" ते म्हणाले.

मग त्यांनीच समजावलं. इंजिन हलणारच, ते त्याचं काम आहे. त्याला हलू नको म्हणून सांगता येत नाही. आपण बघायचं ते एवढंच की त्याचं हलणं माणसापर्यंत कुठल्या वाटेने येतं. वाटा तीन. एक रबरातून, म्हणजे इंजिन ज्या फाउंडेशनच्या रबरांवर बसवलेलं असतं त्यांतून. दुसरी लोखंडातून, म्हणजे सायलेन्सरचा पाइप, गिअरचा दांडा, कुठेतरी चेसिसला चिकटलेलं काहीतरी. तिसरी भोकांतून. पेडलच्या मागचं भोक, वायरींचं भोक, दाराची गेलेली रबरं. "आवाज मारायला जायचं नसतं," ते म्हणत, "त्याची वाट मोडायची." माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण चाळीस पानांचं आहे. त्यात यापेक्षा जास्त काही नाही.

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करायचं आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर एकेका जागी टेकवत जायचं. बाकीचे मेकॅनिक त्याची मूठ कानाला लावतात. मेस्त्री ती दातात धरत. लाकडी मुठीवर त्यांच्या दातांचे खळगे पडले होते. दातात मूठ, डोळे मिटलेले, हात इंजिनावर. मग रस्त्यावर नेऊन साठच्या वेगाला गिअर काढून गाडी तशीच धावू द्यायची. थरथर थांबली तर दोष इंजिनाचा. नाही थांबली तर चाकांचा नाहीतर मागे जाणाऱ्या शाफ्टचा. आणि हे सगळं झालं की ते घराच्या दिशेने तोंड करून एकच शब्द ओरडत, "पेला."

घर म्हणजे गॅरेजच्या मागचीच खोली. तिथून काकी येत. सुलोचनाकाकी, त्यांची बायको. हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत, पाण्याने भरलेला स्टीलचा पेला घेऊन. काठापासून एक बोट सोडून भरलेला. त्या सरळ गाडीच्या मागच्या सीटवर, डाव्या चाकाच्या वर बसत. पेला गुडघ्यावर, दुसरा हात खिडकीच्या खांबाला. मेस्त्री गाडी पुढच्या पाली गावापर्यंत नेऊन परत आणत. गिऱ्हाइकाला यायचं असेल तर त्याने पुढे बसावं, मागे बसायची परवानगी नव्हती. या सगळ्या वेळात कुणी बोलायचं नाही.

परत आल्यावर मेस्त्री मागे वळून काकींच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "पाणी हलला?" आमच्याकडे गावांतून असंच बोलतात, हललं नाही, हलला. कॉलेजात मी हे बोलणं मुद्दाम सोडलं होतं, त्यामुळे ते ऐकून पहिल्याच दिवशी मला कसंसंच झालं आणि बरंही वाटलं.

काकी लगेच उत्तर देत नसत. पेल्याकडे बघत. मग बाहेर बघत. मग खांद्यावरचा पदर सारखा करत आणि मग सांगत. बारीक वर्तुळं उठली म्हणजे इंजिन. पाणी एका अंगाला झुकलं म्हणजे रस्ता, त्याला आपला इलाज नाही. मधेच शहारा येऊन गेला म्हणजे अमुक वेगाला काहीतरी वाजतंय. कुठे वाजतंय, तेही सांगत: पायाखाली, पाठीमागे, दाराकडे. सगळं ठीक असेल तर दोनच शब्द. "बरा हाय." तो शेरा मिळाल्याशिवाय गाडी गॅरेजातून जात नसे.

लोक थट्टा करायचे. हर्ण्याहून मासे घेऊन येणारा एक टेम्पोवाला होता, तो म्हणे, काकी, तुमचं नशीब मोठं, नवरा रोज नव्या गाडीतून फिरवतो. काकी पेल्यातलं पाणी अबोलीच्या मुळाशी ओतत म्हणाल्या, "तुझ्या टेम्पोतून बसून आले ना, तवापासून तीन दिवस माशी माझ्यामागनं फिरतेय. नशीब तू घेऊन जा." टेम्पोवाल्याने पुढच्या खेपेला टेम्पो धुऊन आणला होता, हे मी स्वतः पाहिलं.

मी मेस्त्रींना एकदा विचारलं की चालवणाऱ्याला सगळं कळतंच, मग मागे माणूस कशाला. ते म्हणाले, चालवणाऱ्याला विचारू नये, त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला पुढच्या खड्ड्याची खबर आधी लागते, तो अंग सावरून घेतो. मागे बसलेल्याच्या हातात काय असतं? त्याला सगळं अचानक मिळतं. गाडी बरी आहे की वाईट, ते त्याने सांगायचं.

हे उत्तर खरं होतं. अर्धं.

बाकीचं अर्धं कळायला एक निवृत्त बँक अधिकारी कारण झाले. त्यांची आंब्याची बाग होती आणि एक चांगली गाडी होती. गाडीत साठच्या पुढे गेलं की घूं असा आवाज यायचा. इंजिनाचाच आवाज, असं शहरातल्या दोन गॅरेजांनी सांगून फाउंडेशनची रबरं दोनदा बदलली होती. आवाज होता तसाच. गृहस्थ रात्री झोपेतही तो ऐकू येतो म्हणाले. मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर फिरवला, काही मिळालं नाही. काकी पेला घेऊन बसल्या. त्या दिवशी मीही मागे, काकींच्या शेजारी बसले होते. साठला आवाज सुरू झाला, चांगला मोठा, माझ्या छातीत भरल्यासारखा. मेस्त्री मात्र शांतपणे चालवत होते आणि समोरच्या आरशातून रस्त्याकडे नाही, काकींच्या तोंडाकडे बघत होते. काकींनी भुवया वर केल्या तेव्हा त्यांनी वेग कमी केला. भुवया खाली आल्या तेव्हा वाढवला.

परत आल्यावर काकींनी पेल्याकडे पाहिलं. पाण्यावर वाटेत बारीक वर्तुळं उठलीच नव्हती. त्यांनी बाहेर पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "इंजिन नाय. माझ्या डोक्यावर वाजतंय." टपावरच्या कॅरिअरला आंब्याच्या पेट्या बांधायचा चपटा नायलॉनचा पट्टा आवळून ठेवलेला होता. वाऱ्याने तो वाजत होता. मेस्त्रींनी पट्टा सोडला, त्याला एक पीळ देऊन पुन्हा बांधला. आवाज गेला. एवढं शोधून साधा पट्टा निघाला याचं त्या गृहस्थांना वाईटच वाटलं असावं.

मी मागे घरात चहा प्यायला गेले तेव्हा काकी भांडी लावत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. नुसती बघत राहिले असेन.

"तुला कळला ना, बाय," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकू येत नाय. बारा वर्षं झाली."

तरुणपणी मेस्त्री मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळत. इंजिनाच्या खोलीत बिनसायलेन्सरच्या इंजिनाशेजारी दहा-दहा दिवस. कान तिथे बिघडले आणि पुढे हळूहळू गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांची बोलणी, मग उरलं ते एका कानात थोडं गुरगुरणं. समोर तोंड दिसलं तर ते ओठांवरून बोलणं ओळखत. पाठीमागून हाक मारणारा त्यांच्या दृष्टीने नव्हताच. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. आवाजाचं काम घेऊन बहिऱ्या मेस्त्रीकडे कोण येणार? म्हणून माज आहे असं लोक म्हणत होते ते त्यांनी म्हणू दिलं. माज परवडत होता.

"त्यांचे हात आणि माजे कान," काकी म्हणाल्या. "कुणाला बोलू नको हां."

मी कुणाला बोलले नाही. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या गॅरेजात मी अठरा गाड्या मोजल्या. माझी चकती आता मागच्या सीटखाली असे आणि शेजारी काकी पेला घेऊन. त्यांचं बोलणं आणि माझा आकडा मी दोन रकान्यांत लिहीत असे. जिथे काकी "बारीक वर्तुळं" म्हणाल्या तिथे माझा आकडा चढलेला असायचा. काकी एकदाही चुकल्या नाहीत. एकदा माझं यंत्र आणि काकी जुळल्या नाहीत, तेव्हा माझ्या यंत्राचा सेल उतरलेला निघाला.

मग काकींची पाठ दुखायला लागली.

आधी सगळ्यांनी वयाचं दुखणं म्हणून सोडून दिलं. नंतर रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि कोल्हापूरला पाठवलं. दुखणं वाईट होतं आणि मणक्यांपर्यंत पोचलेलं होतं. दर तीन आठवड्यांनी कोल्हापूरला जाऊन औषध चढवून यायचं ठरलं. बसून प्रवास करायचा नाही, आडवंच न्यायचं. हातखंब्यापासून पाली, साखरपा, मग आंबा घाट, मग मलकापूर आणि पुढे. धडधाकट माणूसही त्या रस्त्याने अंग मोडून घेतो.

मेस्त्रींची स्वतःची एक जुनी व्हॅन होती, सामान आणायची. त्यांनी गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला लावल्या आणि ती व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढल्या. फळी बसवली, तिच्यावर काथ्याची गादी. पत्र्याला आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला. सगळी भोकं बुजवली. आणि इंजिनाच्या खालची फाउंडेशनची रबरं काढून नेहमीपेक्षा खूप मऊ रबरं घातली. दुसऱ्या कुणाच्या गाडीला त्यांनी असली रबरं कधी घातली नसती. मी पाहत होते, पण मला वाटलं, त्यांना कळत असेल. उभ्या गाडीत इंजिन चालू आहे की नाही ते फळीवर हात ठेवून समजत नव्हतं, इतकं ते काम सुंदर झालं होतं. ते फळीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते.

पालीपर्यंत नेऊन बघायचं मात्र राहिलं. पेला घेऊन बसणारं माणूसच त्या फळीवर निजणार होतं.

पहिल्या खेपेला मी बरोबर गेले. शनिवार होता, मला कोल्हापूरला जायचंच होतं. काकी फळीवर, मी खाली त्यांच्याजवळ. सपाट रस्त्यावर ठीक होतं. साखरप्याच्या पुढे चढ लागला, मेस्त्रींनी दुसरा गिअर टाकला, इंजिन जोर काढायला लागलं आणि त्या मऊ रबरांवर ते पाळण्यासारखं झोके घेऊ लागलं. प्रत्येक झोक्याच्या टोकाला लोखंड लोखंडावर आपटायचं. तो ठोका सरळ फळीत यायचा. घाटभर ठक, ठक, ठक. मेस्त्रींना ते ऐकू येत नव्हतं. हातातल्या स्टिअरिंगमध्ये खड्ड्यांचे धक्के इतके होते की त्यात हा ठोका त्यांना वेगळा कळत नव्हता. काकींनी पदराचा बोळा दातात धरला होता. मी पिशवीतून यंत्र काढून चकती फळीच्या लोखंडी पट्टीला लावली. असला आकडा मी अठरा गाड्यांत पाहिला नव्हता. मी पुढे सांगायला उठले, तर काकींनी माझा हात धरला.

"नको. महिनाभर खपलेत ते."

मलकापूरला चहासाठी थांबलो. मेस्त्री मागचं दार उघडून उभे राहिले, काकींच्या तोंडाकडे बघत. "पाणी हलला?"

"नाय हलला. बरा हाय," काकी म्हणाल्या.

मेस्त्रींनी मान हलवली, दार लावलं. चहा मात्र त्यांनी अर्धाच प्यायला.

दुसऱ्या खेपेलाही मी होते. पुन्हा तेच. पुन्हा बरा हाय. मी दोन्ही खेपांचा आकडा वहीत लिहिला होता आणि वही पिशवीत होती. स्वतःला सांगत होते की हा त्यांचा दोघांचा मामला आहे, मी बाहेरची. खरं सांगायचं तर मी दमले होते. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती, कॉलेजात परीक्षा होत्या, आणि त्यांना हे सांगायला लागणारं बळ माझ्यात नव्हतं. मी त्याला काकींचा शब्द पाळणं असं नाव दिलं.

तिसऱ्या खेपेच्या आधी चार दिवस मी गॅरेजात गेले. दुपारची वेळ होती, मेस्त्री व्हॅनखाली होते. मी वाकून त्यांच्या तोंडासमोर वही धरली. ते सरकत बाहेर आले, हात पुसले, दोन्ही आकडे वाचले, आधीच्या गाड्यांचे आकडेही उलटून पाहिले. मग भिंतीला टेकून बसले.

"मला पहिल्याच खेपेला कळलं," ते म्हणाले. "तीस वर्षांत तिने मला लगेच उत्तर दिलेलं नाही. आधी पेल्याकडे बघणार, मग बाहेर बघणार, मग पदर. मलकापूरला माझा शब्द संपायच्या आत नाय म्हणाली."

त्यांनी व्हॅनच्या खाली बोट दाखवलं. तिथे काढून टाकलेली रबरं पडली होती, तीन जोड्या. पहिल्या खेपेनंतर त्यांनी ती बदलली होती, दुसऱ्या खेपेनंतर पुन्हा. आणखी मऊ, मग आणखी वेगळी. कुठे चुकतंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि जिला विचारायचं ती आता खरं सांगत नव्हती.

"अंधारात हात फिरवतोय, मॅडम. तुमच्याकडे आकडा होता."

ते रागावून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त दमलेल्या आवाजात म्हणाले, आणि लगेच उठून नट सोडायचे पाने शोधायला लागले. माझ्याकडे तोंड नव्हतं त्यांचं, म्हणून मी 'चुकले' म्हणाले ते त्यांना कळलं नाही. समोर जाऊन पुन्हा म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

त्या चार दिवसांत मी कॉलेज सुटल्यावर रोज हातखंब्याला जात होते. इंजिनाला मूळची कडक रबरं परत घातली. आता मेस्त्री भराभर बोलत होते, जसं दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल बोलावं तसं. मऊ केलं म्हणजे सुख होतं असं नाही, इंजिनाला धरून ठेवायचं आणि वाट पुढे मोडायची. फळी काढून टाकली. लोखंडी चौकट केली, तिच्यावर काकींच्याच भावाने मुरुडहून आणून दिलेलं सुंभ विणलं, बाजेसारखं. आणि ती चौकट गाडीला कुठेही न टेकवता टांगली. कशाने? सायलेन्सर ज्या रबरी कड्यांनी गाडीखाली टांगतात, त्याच कड्यांनी. चार कोपऱ्यांना आठ. सायलेन्सरचा थरथराट वर येऊ नये म्हणून ती रबरं असतात. इथे उलटं वापरायचं.

मग त्यांनी मला चौकटीवर निजायला सांगितलं. मी पोटावर यंत्र घेऊन निजले आणि ते साखरप्याच्या पुढच्या चढापर्यंत गाडी घेऊन गेले. दर थोड्या वेळाने गाडी थांबवून मागे वळत, मी आकडा बोटांनी दाखवत असे. दोन कडी बदलली. पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला आकडा इतका खाली आला की मी यंत्राचा सेल तपासला.

तिसऱ्या खेपेला मलकापूर आलं. मेस्त्रींनी मागचं दार उघडलं आणि विचारलं.

काकींनी आधी वर टपाकडे पाहिलं. मग दारातून बाहेर, रस्त्यापलीकडच्या उसाच्या गाड्यांकडे. निजल्या निजल्या खांद्यावरचा पदर सारखा केला. त्यांना इतका वेळ लागला की मागे कुणीतरी हॉर्न वाजवला.

"हलला," त्या म्हणाल्या. "थोडा. घाटात शेवटच्या वळणाला. बाकी बरा हाय."

मेस्त्री दाराला धरून उभे होते. मग स्वतः जाऊन तिघांचा चहा घेऊन आले. आपला पेला त्यांनी पुरा संपवला.

त्या व्हॅनमधून पुढे आणखी पाच-सहा खेपा झाल्या. दुखणं काही हटलं नाही, हटणार नव्हतंच, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. रस्ता तेवढा कमी दुखला. पावसाळा सरता सरता काकी वारल्या, घरीच, मागच्या खोलीत. मेस्त्रींनी महिनाभर गॅरेज उघडलं नाही आणि मग एक दिवस उघडलं.

माझा प्रबंध मंजूर झाला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, प्राचार्य, विभागप्रमुख, आई-वडील सगळे आहेत. "हातखंबा येथील एक गॅरेज" असाही उल्लेख आहे. नावं घातली नाहीत, कारण नावं घातली तर ती अठरा गाड्यांची मोजणी कशी झाली ते लिहावं लागलं असतं, आणि मी काकींना शब्द दिला होता. आज तो मोडते आहे. मेस्त्रींना विचारून मोडते आहे. ते म्हणाले, लिहा, आता काय लपवायचंय.

लग्नानंतर मी चिपळूणला गेले, तिथल्या कॉलेजात लागले. हातखंब्यावरून जाणं वर्षातून दोन-तीनदा होतं. मागच्या मे महिन्यात लांज्याला आई-वडिलांकडे जाताना थांबले. गॅरेज आणखी थोडं मागे सरकलं होतं. आता डोंगराची धारच त्याची मागची भिंत झाली होती. मेस्त्री एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले होते, डाव्या चाकाच्या वर, गुडघ्यावर पेला. हल्ली ते चालवत नाहीत, गिऱ्हाइकालाच चालवायला सांगतात आणि पाणी स्वतः बघतात. पाणी दिसतं. आवाजाचं काय करता, असं मी विचारलं नाही. समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ओळखलं, हसले, कानाजवळचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

मग ते सीटवरून पलीकडे सरकले आणि पेला माझ्यापुढे धरला.

मी बसले. डावा हात खिडकीच्या खांबाला लावला. गाडीचा मालक पुढे, तो पालीपर्यंत निघाला. मेस्त्री माझ्या शेजारी, पेल्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. पाणी ठीक होतं. पन्नासच्या आसपास पायाखाली कुठेतरी पत्रा बारीक किणकिणत होता, लक्ष दिलं तरच ऐकू येईल इतका. पालीला वळलो, परत आलो, गाडी थांबली, मालकाने मागे वळून पाहिलं.

"पाणी हलला?" मेस्त्रींनी मला विचारलं.

मी पेल्याकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं, रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत. मग ओढणी सारखी केली.